दोघांनी उचलावी एवढीच होडी

गोव्यात शिडाची छोटी होडी घ्यावी असे ज्यांच्या मनात येते, ते बहुधा किमतीपासून चौकशीला सुरुवात करतात. जुनी मिळेल का, केवढ्याला मिळेल, शीड वेगळे घ्यावे लागेल का, असे प्रश्न ओळखीचे लोक मला विचारतात आणि मी त्यांना उलट एकच गोष्ट विचारतो : जून महिन्यात ही होडी कुठे असणार आहे? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो, कारण होडीचे स्वप्न नेहमी डिसेंबरमधले असते. त्या स्वप्नात निळे पाणी असते, हलका वारा असतो आणि संध्याकाळी परतून गरम चहा असतो. होडीचा खरा हिशेब मात्र पावसाळ्यापासून मांडावा लागतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, मांडवी नदीच्या मुखावरचा आग्वादचा वाळूचा दांडा लाटांनी फुटत असतो, आणि शिडाच्या लहान होडीचा हंगाम तर या बंदीपेक्षाही आधी संपतो आणि बराच उशिरा सुरू होतो. वर्षातले चार-पाच महिने जी वस्तू जमिनीवरच राहणार आहे, ती जमिनीवर सहज आणता येईल अशीच असावी, हे माझे मत आहे. दोन धडधाकट माणसांनी, फार तर लहान चाकगाडीच्या आधाराने, जी होडी भरतीच्या रेषेच्या वर नेता येत नाही ती घेऊ नये.

हे मत टोकाचे वाटेल, पण आकडे पाहिले तर तसे वाटणार नाही. जगभर शर्यतींत वापरली जाणारी लेझर जातीची एकट्याने चालवायची होडी ४.२३ मीटर लांब असते, तिच्या रिकाम्या सांगाड्याचे वजन ५९ किलोच्या आसपास भरते आणि तिचे मोठे शीड सुमारे सात चौरस मीटरचे असते. चांगल्या वाऱ्यात एका माणसाला दमवायला एवढे शीड पुरते. कुटुंबासह हिंडायचे असेल तर चौदा-सोळा फुटांची, आत बसायला बाके असलेली, वरखाली होणाऱ्या सेंटरबोर्डची, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीची, होडी घ्यावी. ती वर नेताना लहान चाकगाडी लागेल एवढेच. त्यापुढे गेलात आणि तळाला शिशाची किंवा लोखंडाची कायमची कील, म्हणजे वजनदार कणा, असलेली होडी घेतलीत, की क्रेन आली, बारमाही नांगर आला, होडीवर लक्ष ठेवणारा पगारी माणूस आला आणि पावसाळ्यात झोप गेली.

मोठ्या शिडाच्या जहाजांचे आकर्षण गोव्यात अधिक असणे साहजिक आहे, कारण भारताच्या सागरप्रदक्षिणांचा इतिहास इथल्याच पाण्यात घडला. ५६ फुटांची ‘म्हादेई’ दिवाडी बेटावरच्या जहाजबांधणी कारखान्यात तयार झाली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये वाटेत थांबे घेत आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यातच बांधलेली ‘तारिणी’ वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकाऱ्यांना घेऊन १० सप्टेंबर २०१७ रोजी वेरेच्या आयएनएस मांडवी तळावरून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी तिथेच परतली. या गोष्टी वाचून मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते ती मला फार आवडते. मात्र त्या जहाजांमागे नौदल होते, कारखाना होता आणि दुरुस्तीची यंत्रणा होती, हे मुलांच्या वडिलांनी विसरू नये. रविवारी सकाळी दोन तास मोकळे असणाऱ्या माणसाची गरज वेगळी आहे.

शिवाय मोठे जहाज नांगरावर सुरक्षित असते, हा समज या किनाऱ्याने अनेकदा खोटा ठरवला आहे. ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज जून २००० मध्ये कांदोळीच्या वाळूत रुतले आणि पुढची दहा-बारा वर्षे तिथेच गंजत पडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नू शी नलिनी’ हे नाफ्थाने भरलेले, माणूस नसलेले जहाज वादळी हवेत वाहत येऊन दोना पावलाजवळच्या खडकांत अडकले. जहाजांची ही गत, तर आपल्या दहा किलोच्या नांगराचा काय पाड! मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. असा इशारा आला की लहान होडीचा मालक ती उचलून माडांपासून दूर, भिंतीच्या आडोशाला उलटी करून बांधतो आणि घरी जातो.

माडांपासून दूर असे मी मुद्दाम म्हटले. बाहेरून आलेल्या माणसाला माडाची सावली हीच होडी ठेवायला आदर्श जागा वाटते, आणि फायबरग्लासच्या डेकवर वरून नारळ पडला म्हणजे काय होते ते त्याला पहिल्या मोठ्या वाऱ्यात कळते. वाळलेली झावळीही कमी नसते. सावली हवीच, कारण एप्रिल-मेच्या उन्हाने शीड आणि दोर कुजतात, पण ती आंब्याची, काजूची किंवा छपराची असावी.

जागेचा प्रश्न सावलीपेक्षा शेजाराचा अधिक आहे. करंजाळे असो, शिरदोण असो की बेतुल, होडी लावण्याजोगा प्रत्येक उतार कुणा ना कुणा मच्छीमार वाड्याच्या वापरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे नकाशावर सीमा दिसत नसली तरी कोणाची होडी कुठून पाण्यात जाते, जाळी कुठे वाळत घालतात आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, कुठे ओढतात हे ठरलेले असते. आधी जाऊन वाड्यावरच्या जुन्या माणसाला विचारावे, तो दाखवील ती जागा घ्यावी, आणि ती जरा गैरसोयीची असली तरी कुरकुर करू नये. आमच्या उतारावर एक वयस्क रापणकार आहेत. मी त्यांना काका म्हणतो. सकाळी मी होडीचे पांघरूण काढू लागलो की ते आधी क्षितिजाकडे, मग माडांच्या शेंड्यांकडे पाहतात आणि कधीकधी एवढेच म्हणतात, “आयज नाका, बाब.” कारण विचारले तर हसतात. मी फोनवरचा अंदाज दाखवतो. ते तो पाहतही नाहीत. त्या दिवशी मी होडी झाकून ठेवतो आणि रापण ओढायला चार हात कमी असतील तर दोराला हात लावतो. यात माझा स्वार्थ आहे, हे मी लपवत नाही : रात्रीअपरात्री वारा उठला आणि माझी होडी सुटली, तर तिच्याकडे धावणारे लोक हेच असणार आहेत.

रापण पाण्यात असताना तिच्या आतून किंवा दोरावरून होडी नेणे हा तर अक्षम्य अपराध आहे. किनाऱ्यावर दोन ठिकाणी, बऱ्याच अंतरावर, माणसांच्या रांगा दोर ओढताना दिसल्या की मधला सगळा अर्धवर्तुळाकार भाग जाळ्याचा आहे असे समजून बाहेरून लांब वळसा घालावा. जुवारी नदीकाठच्या नावशीला मरिना, म्हणजे हौशी नौकांचा तळ, बांधण्याच्या प्रस्तावाला तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, त्याचे मला तरी नवल वाटत नाही. जुवारीच्या त्याच खाडीपात्रात, पलीकडे चिखलीच्या बाजूला, ज्यांच्या पातळ कवचांनी जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्या जडवल्या गेल्या ते शिंपले आजही मिळतात, आणि त्या चिखलावर नांगर फरफटवत नेणे मला स्वतःला बरे वाटत नाही.

आता वाऱ्याविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गोव्याचा वारा इतका नियमित असतो की नवख्याला तो आपला नोकरच वाटू लागतो. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे मतलई वारा पूर्वेकडून समुद्राकडे वाहतो. नऊ-दहाच्या सुमारास तो मंदावतो आणि पाणी आरशासारखे होते. अकरा-बाराच्या दरम्यान पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो, वायव्येकडे वळत दुपारी तीनच्या आसपास जोरात येतो आणि सूर्यास्ताबरोबर पडतो. शिकणाऱ्याने अकरा ते एक हा काळ धरावा. दुपारी तीनला जुवारीच्या रुंद मुखावर जी आखूड, उभी लाट उठते ती सोळा फुटी होडीतल्या नवशिक्याला झेपणारी नसते. एक गोष्ट मात्र उलटी लक्षात ठेवावी लागते. सर्वांत शांत दिसणारी पहाटच किनाऱ्यालगत फसवी असते, कारण तेव्हाचा वारा किनाऱ्यावरून बाहेर वाहतो. पाणी सपाट दिसते, होडी अलगद सरकते, आणि मागे वळून पाहावे तो किनारा दूर गेलेला असतो. दुपारचा वारा दमवतो, पण निदान घराकडे ढकलतो. म्हणून पहाटे मुलांना एकट्याने शीड लावू देऊ नये आणि स्वतः गेलात तर वल्हे घेतल्याशिवाय जाऊ नये.

मार्चपासून वायव्येचा वारा आणि त्याबरोबरच्या लाटा वाढत जातात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूला ढग चढू लागले, की वाऱ्याची वाट पाहत बसू नये. उघड्या पाण्यावर उंच अॅल्युमिनियमची डोलकाठी उभारून बसलेला माणूस विजेला आमंत्रणच देत असतो. पहिला गडगडाट ऐकू येण्याआधी शीड उतरवून किनाऱ्यावर असावे.

भरतीसाठी कोकणात पूर्वापार चालत आलेला तिथीचा हिशेब मला आजही उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अष्टमीला भांग असते, पाणी थोडेच चढते-उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि गोव्यात पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने बदलते. हा हिशेब घरी बसून शनिवार-रविवारचा बेत करण्यापुरता आहे. प्रत्यक्ष निघताना मुरगाव बंदराचा छापील तक्ता पाहावाच, कारण आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पाणी एका चालीने उतरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पहिल्या तासात ते एकूण उताराच्या बाराव्या भागाएवढेच उतरते, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. दोन मीटरच्या उधाणात पहिल्या तासाला जेमतेम सतरा सेंटीमीटर पाणी कमी होते आणि म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात अर्धा मीटर पाणी जाते आणि मांडवीच्या कडेचा चिखल उघडा पडतो. मग होडी आणि उतार यांच्यामध्ये गुडघाभर गाळ असतो आणि पुढची भरती येईपर्यंत डासांच्या संगतीत थांबण्यावाचून इलाज नसतो.

मांडवीच्या मुखावर ओहोटी आणि खारा वारा समोरासमोर येतात, तेव्हा पाणी उभे राहते. नदी बाहेर ओढत असते आणि वारा आत ढकलत असतो. त्यातच बाहेरून लांबची लाट आली तर उथळ दांड्यावर ती फुटते. पूर्वी पावसाळ्यात हे मुख बंद झाले की खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठत, यावरून त्या दांड्याची जरब कळावी. लहान होडीने बाहेर जायचेच असेल तर भरतीच्या शेवटच्या तासात, पाणी स्थिर होत असताना जावे, आणि ओहोटी जोर धरण्याआधी परतावे. वेळ चुकली तर दांड्याबाहेर खोल पाण्यात कंटाळत थांबणे परवडते.

नदीच्या आत धोके वेगळे आहेत. फेरीबोटी, कॅसिनोंकडे माणसे नेणाऱ्या बोटी, बार्ज आणि संध्याकाळी नाचगाण्यासह फिरणाऱ्या पर्यटकांच्या बोटी यांच्यामधून जाताना ‘शिडाच्या होडीला वाट द्यावी’ हा अर्धवट पाठ केलेला नियम विसरावा. आंतरराष्ट्रीय नियमावलीचा नववा नियमच सांगतो की अरुंद जलमार्गात शिडाच्या होडीने आणि वीस मीटरपेक्षा लहान बोटीने, त्या मार्गाबाहेर ज्यांना जाता येत नाही अशा जहाजांना अडथळा करू नये. आपण उथळ कडेने जाऊ शकतो, बार्जला ते शक्य नाही. कडेने जाताना मात्र मासेमारीसाठी रोवलेले खुंट जपावेत. भरतीला त्यांची टोके पाण्याच्या जेमतेम वर असतात. पुलाखालून किंवा नदीवरून गेलेल्या विजेच्या तारांखालून जाण्यापूर्वी डोलकाठीची पाण्यापासूनची उंची मोजून ठेवलेली असावी, आणि नजरेने अंदाज करू नये, कारण खालून पाहताना प्रत्येक पूल डोक्यावर आदळणार असेच वाटते.

होडी उलटणार, हे धरूनच चालावे. ज्याची कधी उलटली नाही त्याला ती सरळ करता येते की नाही हे कोणालाच माहीत नसते. कमरेपेक्षा खोल, कोमट पाण्यात, मित्र जवळ असताना मुद्दाम उलटवून सराव करावा : सेंटरबोर्डवर उभे राहायचे, शिडाचा दोर आधी मोकळा सोडायचा, मग मागे झुकून तिला उठवायचे. मांडवीत हा सराव करताना पाणी पुरेसे खोल निवडावे, नाहीतर डोलकाठीचे टोक चिखलात रुतते आणि सगळे बळ तिथेच खर्च होते. जॅकेट निघतानाच घालावे. होडी सरळ झाली नाही तरी तिला सोडून पोहत निघू नये. पालथी होडी लांबून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही. किनारपट्टीवरून १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक लागतो. तो घरच्यांकडेही असावा, आणि आपण कोणत्या बाजूला गेलो व किती वाजेपर्यंत परतणार हेही त्यांना ठाऊक असावे. माझ्या घरी हे सारे कागदावर लिहून फ्रिजवर लावलेले असते, त्याची थट्टाही होते.

देखभालीत सर्वांत मोठा शत्रू मीठ आहे. शीड घडी घालण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे. वाळलेल्या शिडातही मीठ उरले तर पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला सुटते तसे त्याला पाणी सुटते, घडी ओली होते आणि सप्टेंबरमध्ये उघडताना काळ्या बुरशीचे ठिपके दिसतात. डोलकाठीला आधार देणाऱ्या पोलादी तारा बाहेरून चकचकीत असतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. कापसाचा बोळा घेऊन तार वरपासून खालपर्यंत हळूहळू पुसावी. तारेच्या खालच्या टोकाशी, जिथे ती धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे कापसाचे तंतू अडकले की समजावे, एकोणीसपैकी एक धागा तुटला आहे. नळीच्या तोंडाशी विटकरी रंगाची बारीक कड दिसते. खारे पाणी आत साठून राहिल्याने तार तिथे आतून खाल्ली जाते. एक धागा तुटलेली तार अजून चालेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती लगेच बदलावी. तसेच अॅल्युमिनियमच्या काठीत पोलादी रिव्हेट जिथे बसवला आहे तिथे पांढरी भुकटी दिसली, तर दोन धातूंची खाऱ्या पाण्यात जुंपली आहे असे समजून मधला लेप नव्याने द्यावा.

पाण्यात न राहणाऱ्या होडीला बार्नॅकल आणि कालवे धरत नाहीत, महागडा रंग लागत नाही, आणि लाकडी होडी असेल तर तिला पोखरणारा, किडा म्हणून ओळखला जाणारा पण प्रत्यक्षात शिंपल्याच्या कुळातला तो प्राणीही लागत नाही. होडी उचलून ठेवण्याचा हा लाभ पैशांत मोजता येतो. जुने लोक लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल किंवा माशाचे तेल लावतात. वास दोन गल्ल्या जातो, पण गुण येतो. पावसाळ्यात होडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडते. वाड्यावर होड्यांवर नारळाच्या झावळ्यांचे झाप घालतात ते पाणी अडवतात आणि हवा खेळू देतात. ताडपत्री वापरायचीच असेल तर खाली बांबूची कमान करून दोन्ही टोके उघडी ठेवावीत. हवाबंद टाक्यांची झाकणे काढून ठेवावीत. डोलकाठीची भोके कापडाच्या बोळ्यांनी बुजवावीत, नाहीतर कुंभारमाशी तिथे मातीची घरे करते आणि दिवाळीत दोर ओवताना तुमची सकाळ जाते.

जुनी होडी घेताना डेकवर अनवाणी चालून पाहावे. जिथे पायाखाली ते दबते तिथे आतला भाग कुजलेला असतो. सेंटरबोर्डच्या खोबणीत टॉर्च टाकावा. शीड नवे असल्याची जाहिरात ऐकून घ्यावी, पण भाव सांगाड्याचा करावा. कागदपत्रे मात्र आधी मागावीत, विशेषतः मागे इंजिन लावायचे असेल तर, कारण इंजिन लावले की ती यांत्रिक होडी ठरते आणि नोंदणीचे नियम बदलतात. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याची माहिती बंदर कप्तानांच्या कार्यालयात जाऊन घेतलेली बरी.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की अनेकांचे हात शिवशिवू लागतात. मच्छीमारांच्या होड्या तेव्हा निघतात, कारण त्यांना पोट आहे आणि पिढ्यांचा अनुभव आहे. हौसेखातर जाणाऱ्याने दसऱ्यापर्यंत तरी घाई करू नये आणि ऑक्टोबरची वीज ओसरू द्यावी. तोवर करण्यासारखे पुष्कळ असते. दोर बदलायचे, शॅकलना तेल द्यायचे, सुकाणूच्या खिळी तपासायच्या, आणि तळाच्या बुचाला एक दोरी लावून ते होडीलाच बांधून टाकायचे, कारण उतारावर उभे राहून बूच शोधणारा मालक दर वर्षी कुणीतरी असतोच.